तुरुंगात जाऊन आला म्हणून पोटगी फिटत नाही

वाचकाचं पत्र: मी सातारा जिल्ह्यात आईकडे राहते. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा. तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी दोन्ही मुलांना मिळून महिना 12,000 रुपये पोटगी लावली, दर महिन्याच्या 10 तारखेच्या आत भरायची. नवऱ्याने पाच महिने भरली आणि बंद केली. त्याला आता 14 महिने झाले. पहिल्या चार महिन्यांसाठी वसुलीचा अर्ज केला, थेट अटक वॉरंट निघालं आणि तो महिनाभर आत राहून आला. आता म्हणतो, "शिक्षा भोगली, हिशेब मिटला. आणि नोकरीही सोडलीय." खरं तर तो पुण्याजवळ एका कंपनीत जातो, पगार 30,000 च्या आसपास. आमच्याच तालुक्यात भावांबरोबर त्याची सामाईक जमीन आहे. वकील म्हणतात, परत अटक वॉरंट काढू. त्याने मुलांच्या हातात काय पडणार? तारखेला माझ्यासारख्या सात-आठ जणी भेटतात. कायदा बदलावा म्हणून आम्ही निवेदन देणार आहोत. त्यात काय लिहू?

ताई,

हिशेब मिटलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग या खटल्यात हे स्पष्ट करून ठेवलं आहे. पोटगी थकवल्याबद्दलचा तुरुंगवास हा वसुलीसाठी आणलेला दबाव आहे, रकमेची फेड नाही. रक्कम फिटते ती प्रत्यक्ष भरल्यावरच. म्हणजे ज्या चार महिन्यांसाठी तो आत गेला त्यांचे 48,000 जसेच्या तसे बाकी आहेत. नंतरच्या दहा महिन्यांचे 1,20,000. एकूण 1,68,000 रुपये, आणि येत्या 10 तारखेला त्यात आणखी 12,000 पडतील.

सगळ्यात घाईची गोष्ट आधी. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झालं आहे (1 जुलै 2024 पासून). त्याच्या पोटकलम 3 मध्ये एक अट जुन्या कायद्यातून तशीच आली आहे: रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत न्यायालयात अर्ज केला नाही, तर तिच्यासाठी वॉरंट निघत नाही. हे वर्ष प्रत्येक महिन्याच्या हप्त्याचं वेगळं मोजायचं. तुमचे पहिले चार हप्ते आधीच्या अर्जात आले, ते सुरक्षित आहेत. पाचवा थकीत हप्ता देय होऊन दहा महिने होत आले. तुमच्या हातात साधारण दोन महिने आहेत. त्यानंतर दर 10 तारखेला एकेक हप्ता वॉरंटच्या कक्षेतून बाहेर पडत जाईल. मुदत गेली म्हणून पैशांवरचा हक्क मरत नाही. पूनगोडी विरुद्ध थंगवेल (2013) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की ही अट वसुलीच्या एका पद्धतीपुरती आहे, दिवाणी मार्ग खुला राहतो. पण तो मार्ग लांबचा आणि खर्चाचा. "थोडी रक्कम साठू दे, मग एकदमच अर्ज करू" हा सल्ला कोर्टाच्या आवारात सर्रास मिळतो, आणि त्यानेच बायकांचे सर्वाधिक पैसे बुडतात. दर सहा महिन्यांनी नवा अर्ज, हा नियम करून टाका. जुना अर्ज प्रलंबित असेल तर त्यातच पुढचे महिने जोडून घ्यायला काही न्यायालयं परवानगी देतात, काही देत नाहीत. त्या वादात न पडता वेगळा अर्ज करणं सोपं. आदेश जुन्या संहितेखालचा असेल तर अर्जाच्या शीर्षकात 125(3) आणि 144(3) दोन्ही लिहा, म्हणजे कारकुनी आक्षेप निघत नाही.

अर्जासोबत थकबाकीचा तक्ता लागतो, आणि तो तुम्ही स्वतः करा, वकिलांच्या कारकुनावर सोडू नका. रकाने पाच: महिना, देय तारीख, देय रक्कम, मिळालेली रक्कम व ती कशी मिळाली, बाकी. त्याला तुमच्या खात्याचा बँकेने शिक्का मारून दिलेला उतारा जोडा. त्याने मध्येच कधी दोन हजार रोख दिले असतील, मुलीची फी परस्पर शाळेत भरली असेल, तर तेही लिहा. लपवलं आणि त्याने पावती काढून दाखवली, की तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो. लिहिलं तर न्यायालय फार तर तेवढी वजावट देतं. शाळेची फी पोटगीतून वजा करायची की नाही हे तो ठरवू शकत नाही, न्यायालय ठरवतं.

आदेशाची प्रमाणित प्रत तुम्हाला विनामूल्य मिळायला हवी, तसं कलम 147 मध्येच लिहिलं आहे. नक्कल विभागात पैसे मागितले तर कलम दाखवा. दोन-तीन प्रती घेऊन ठेवा. त्याच कलमाप्रमाणे तो जिथे असेल तिथल्या न्यायालयातही आदेशाची अंमलबजावणी मागता येते. तरी तुम्ही अर्ज तालुक्यातच करा. पुण्याला प्रत्येक तारखेचं भाडं आणि बुडालेला दिवस तुमच्या खिशातून जाईल, शिवाय जमीन तुमच्याच तालुक्यात आहे.

आता वकिलांच्या "परत अटक वॉरंट"बद्दल. कायद्यातला क्रम वेगळा आहे. आधी दंड जसा वसूल करतात तसं रकमेच्या वसुलीचं वॉरंट, आणि ते बजावल्यावरही जी रक्कम बाकी राहील तिच्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद. अनेक ठिकाणी पहिली पायरी गाळून सरळ अटक वॉरंट काढतात, तुमच्याकडेही तेच झालं. त्यात दोन तोटे. एक, तो वरच्या न्यायालयात गेला तर एवढ्याच मुद्द्यावर आदेश रद्द होऊ शकतो आणि सहा महिने पाण्यात जातात. दुसरा तोटा तुम्ही स्वतःच पत्रात लिहिलाय: कैदेतला माणूस कमवत नाही. चार महिन्यांच्या थकबाकीला एकच महिना कैद की महिन्याला महिना, यावर उच्च न्यायालयांत मतभेद आहेत. तुमच्या दृष्टीने तो वाद फारसा कामाचा नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत पण द्यायचे नाहीत, त्याच्यावर अटकेची भीती चालते. वॉरंट घेऊन पोलीस दारात आले की अशा माणसाकडून तासाभरात पैसे निघतात. तुमच्या नवऱ्याने मात्र महिना काढून दाखवला, तेव्हा भीती संपली. म्हणून आता पैसा जिथे आहे तिथे जायचं.

वसुलीचं वॉरंट दोन प्रकारचं असतं, नव्या संहितेच्या कलम 461 मध्ये दोन्ही आहेत. पहिलं जंगम मालमत्तेच्या जप्ती-विक्रीचं: दुचाकी, टीव्ही, गुरं, ट्रॅक्टर. दुसरं जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे: जमीन महसुलाची थकबाकी वसूल करतात तशी ही रक्कम जंगम किंवा स्थावर मालमत्तेतून वसूल करा. अर्जाच्या मागणीत दोन्ही लिहा. न मागता दुसरं सहसा निघत नाही, आणि ज्याच्याकडे शेती आहे त्याच्यासाठी तेच खरं हत्यार आहे.

वॉरंट "मिळून आला नाही" असा शेरा लागून परत येतं, तेव्हा दोष नेहमी पोलिसांचाच नसतो. अर्जात पत्ता असतो लग्नपत्रिकेतला. तुम्ही द्या: सध्याची खोली कुठे, मालक कोण, कंपनीचं नाव आणि गेट, कोणती पाळी, सुट्टीचा वार, गाडीचा नंबर, दोन्ही मोबाइल नंबर, अलीकडचा फोटो. जंगम जप्तीच्या वॉरंटमध्ये एक तांत्रिक खोच आहे. ते काढणाऱ्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर, म्हणजे तुमच्या बाबतीत पुण्यात, बजावायचं तर कलम 462 प्रमाणे ज्या जिल्ह्यात ती मालमत्ता आहे तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांचं पृष्ठांकन (कागदावर सहीनिशी मंजुरीचा शेरा) त्यावर लागतं. ते नसेल तर पुण्याचं पोलीस ठाणं कागद परत पाठवतं आणि तुम्हाला कारण चार महिन्यांनी कळतं. त्यामुळे वॉरंट निघाल्याच्या दिवशीच न्यायालयातून जावक क्रमांक घ्या, आठवड्याने पोलीस ठाण्यात आवक क्रमांक विचारा, कोणत्या हवालदाराकडे दिलंय ते लिहून ठेवा, आणि पुढच्या तारखेआधी अहवाल यावा म्हणून न्यायालयाला स्मरणपत्राची विनंती करा. पत्र हमदस्त, म्हणजे स्वतःच्या हाताने नेऊन द्यायला, मागितलं तर न्यायालय बहुतेक वेळा देतं. मग पोस्टाच्या भरवशावर राहावं लागत नाही.

पगाराकडे येऊ. पगारातून परस्पर कपात हा पोटगी वसुलीचा सर्वांत निर्वेध मार्ग, पण कलम 144 मध्ये मालकाला हुकूम देण्याची तरतूद शब्दांत लिहिलेली नाही. म्हणून काही न्यायदंडाधिकारी हात आखडता घेतात. यावर दोन वाटा आहेत.

पहिली, रजनेश विरुद्ध नेहा हा सर्वोच्च न्यायालयाचा 4 नोव्हेंबर 2020 चा निकाल. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेलं हे प्रकरण. त्यात म्हटलं आहे की पोटगीचा आदेश दिवाणी न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्यासारखा, दिवाणी प्रक्रिया संहितेची कलमं 51, 55, 58, 60 आणि आदेश 21 वापरून वसूल करता येईल. आदेश 21 चा नियम 48 सरकारी, रेल्वे आणि स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांच्या पगार जप्तीचा, 48-अ खासगी नोकरांच्या. कंपनीला नोटीस गेल्यावरही तिने पूर्ण पगार त्याच्याच हातात ठेवला, तर तेवढ्या रकमेला कंपनी जबाबदार धरली जाते. म्हणून कंपन्या हा कागद बाजूला टाकत नाहीत. दुसरी वाट कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, 2005. त्याच्या कलम 20 मध्ये मुलांचा निर्वाह येतो, आणि 20(6) मध्ये रक्कम थकली की मालकाला किंवा त्याला देणं असलेल्या कुणालाही थेट अर्जदाराला पैसे देण्याचा हुकूम काढता येतो, असं सरळ लिहिलं आहे. निर्वाहखर्च नाकारणं हा त्या कायद्याखाली आर्थिक छळच आहे. पण ही नवी कार्यवाही, वेळ घेईल. त्या अर्जात आधीचा 12,000 चा आदेश नमूद करणं बंधनकारक आहे, आणि जी रक्कम लागेल तिच्यात तो जमेस धरला जाईल. आमचं मत: वसुलीच्या अर्जातच रजनेश निकालाच्या आधारे पगार जप्ती मागा. ती फेटाळली गेली तरच दुसरी वाट धरा.

किती कापता येईल? इतर कर्जांच्या वसुलीत दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 पगाराचे पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश वाचवतं. पोटगीच्या वसुलीत फक्त एक तृतीयांश वाचतं. 30,000 पगार असेल तर ढोबळमानाने 20,000 पर्यंत जप्ती येऊ शकते. मागणी अशी करा: चालू पोटगी 12,000 आणि थकबाकीपोटी 8,000. या वेगाने 1,68,000 फिटायला 21 महिने लागतात. न्यायालय थकबाकीचा हप्ता 5,000 वर आणेल अशी शक्यता धरा, मग 34 महिने. दोन्ही आकडे आधीच मांडून ठेवले की न्यायाधीशांना तिथल्या तिथे आदेश लिहिता येतो. आदेशात कंपनीचं नोंदणीकृत नाव, पत्ता, ज्या अधिकाऱ्याने अंमल करायचा त्याचं पद, तुमचा खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड आलाच पाहिजे. "योग्य ती कार्यवाही करावी" असं मोघम पत्र कंपनीच्या फाइलमध्ये जाऊन पडतं. आणखी एक वाक्य मागून घ्या: कर्मचाऱ्याने नोकरी सोडल्यास कंपनीने सात दिवसांत न्यायालयाला कळवावं आणि अंतिम हिशेबाची रक्कम परवानगीशिवाय देऊ नये. भविष्य निर्वाह निधीत जमा असलेल्या रकमेवर मात्र जप्ती येत नाही, त्याच्या मागे लागू नका.

कंत्राटदारामार्फत कामाला असेल तर पगार कंपनी देत नाही, कंत्राटदार देतो. कंपनीच्या नावे गेलेला आदेश "आमचा कर्मचारी नाही" म्हणून परत येतो. आधी खात्री करा.

"नोकरी सोडली" हे तोंडी उत्तर न्यायालयात टिकत नाही. आदेश आहे तोवर आहे. परिस्थिती बदलली असेल तर त्याने नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 146 खाली रक्कम कमी करण्याचा अर्ज करायचा असतो, स्वतःच भरणं बंद करायचं नसतं. धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायकामुलांना पोसलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने अंजू गर्ग प्रकरणात 2022 मध्ये पुन्हा सांगितलं. तुम्ही दोन गोष्टी मागा. रजनेश निकालातल्या नमुन्याप्रमाणे मालमत्ता व देण्यांचं शपथपत्र त्याच्याकडून, आणि त्याच संहितेच्या कलम 94 खाली कंपनीला त्याची हजेरी व पगारपत्रक हजर करण्याचा हुकूम. शपथपत्रात "बेरोजगार" लिहिलं आणि पगारपत्रक आलं, तर खोट्या शपथपत्राबद्दल कलम 379 खाली अर्ज करता येतो. तो अर्ज शेवटपर्यंत चालवायची वेळ सहसा येत नाही. दाखल झाला की समोरची बाजू बोलणी करायला येते.

बँक खातं शोधणं वाटतं तितकं अवघड नाही. पाच महिने त्याने पोटगी भरली ती कुठून भरली? तुमच्या खात्याच्या उताऱ्यात पाठवणाऱ्याच्या बँकेचा संकेत असतो. यूपीआय असेल तर त्यातही खुणा असतात. बँकेचं नाव, शाखा, खातेदाराचं नाव दिलं की खात्यातली रक्कम गोठवून न्यायालयात भरण्याची नोटीस बँकेला काढता येते. ही नोटीस त्याच्या पगाराच्या तारखेच्या आसपास पोहोचेल असं बघा. महिन्याच्या 25 तारखेला खात्यात चारशे रुपये असतात.

जमिनीबाबत मात्र सावकाश आणि नीट चला, इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सातबारा, आठ-अ आणि गेल्या दोन-तीन वर्षांचे फेरफार काढा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा चालतो. सामाईक जमिनीत जप्ती येते ती फक्त त्याच्या हिश्श्यावर, म्हणून अर्जात गट नंबर, एकूण क्षेत्र, त्याचा हिस्सा असं लिहा. पूर्ण गटावर जप्ती मागितली की भाऊ हरकत घेऊन उभे राहतात आणि वर्ष-दोन वर्षं त्यातच जातात. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावचं वॉरंट खाली तहसीलदारांकडे येतं आणि तिथे ते महसुलाच्या ढिगाऱ्यात बसतं, कारण पोटगीच्या वसुलीसाठी तहसील कार्यालयात कोणी ठरलेला माणूस नसतो. वसुलीच्या टेबलावर जाऊन प्रकरण क्रमांक पाडून घ्या. जप्तीचा आदेश झाला की त्याची नोंद तलाठ्याकडून सातबाऱ्याच्या इतर हक्कांत लावून घ्या. प्रत्यक्ष लिलाव क्वचितच होतो, पण ती एक ओळ असेपर्यंत जमिनीवर पीककर्ज मिळत नाही, खरेदीदार येत नाही, आणि मग भाऊच त्याला पैसे भरायला लावतात. फेरफारात अलीकडेच भावाच्या नावे हक्कसोडपत्र दिसलं तर घाबरू नका. पोटगी टाळण्यासाठी फुकट दिलेल्या मालमत्तेच्या विरुद्ध दाद मागता येते, पण तो वेगळा दिवाणी दावा आहे. म्हणूनच जप्ती आधी येणं महत्त्वाचं. या वॉरंटवर महसूल अधिकाऱ्याला त्याला अटक करता येत नाही, तो फक्त मालमत्तेपुरता अधिकार आहे.

मध्येच तडजोडीचा प्रस्ताव येईल, बहुधा लोकअदालतीच्या आधी: "साठ हजार एकरकमी घे आणि लिहून दे." तुमच्या स्वतःच्या हक्काचं तुम्ही ठरवा. मुलांची पुढची पोटगी आईच्या सहीने सुटत नाही, तसं लिहून घेतलं तरी मुलांचा हक्क राहतो, मात्र नंतर भांडण वाढतं. थकबाकीवर हप्ते मान्य करायचे असतील तर तारखा, रकमा आणि "एक हप्ता चुकल्यास उरलेली संपूर्ण रक्कम ताबडतोब वसुलीयोग्य" ही ओळ घालूनच सही करा. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच असतो, त्यामुळे त्यात जे लिहिलं नाही ते मिळत नाही. आणि पैसे देत नाही म्हणून मुलांची भेट बंद करू नका. भेट आणि पोटगी कायद्यात एकमेकांना बांधलेली नाहीत. भेट अडवली की त्याचे वकील पुढच्या प्रत्येक तारखेला तेवढाच विषय चालवतात.

वकील बदलायचे की नाही ते तुम्ही ठरवा. फीची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया आणि मुलं उत्पन्नाची अट न लागता मोफत वकिलाला पात्र आहेत. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या आवारातच असते, दूरध्वनी 15100.

आता निवेदन. कायदा बदलतो, हे खरं आहे. कलम 125 मध्ये पोटगीला महिना 500 रुपयांची कमाल मर्यादा होती, ती 2001 मध्ये काढली गेली. पण "कडक कायदा करा" एवढंच लिहिलेली निवेदनं वाचली जात नाहीत. कैद वाढवा, अशी मागणी तर करूच नका. पैसे मिळण्याचा आणि कैदेच्या लांबीचा संबंध किती कमी आहे, ते तुम्हीच पाहिलंत. मागण्या थोड्या आणि नेमक्या असू द्या, आणि कोणती मागणी कोणाच्या हातात आहे ते कळू द्या.

एक वर्षाची अट काढा, ही संसदेकडची मागणी. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, म्हणून राज्यालाही राष्ट्रपतींच्या संमतीने दुरुस्ती करता येते. थकवणाऱ्याने वर्ष काढलं की त्याला बक्षीस मिळावं, असं या अटीचं काम चालतं. तिच्याच शेजारी ही विसंगती मांडा: अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा असं कलम 144 म्हणतं, वसुलीच्या अर्जाला मात्र मुदतच नाही. पोटगी ठरवायची घाई कायद्याला आहे, मिळवून द्यायची नाही.

दुसरी मागणी, पगारदार माणसाच्या बाबतीत कपातीचा हुकूम पोटगीच्या मूळ आदेशातच, पहिल्या महिन्यापासून असावा. थकल्यावरची शिक्षा म्हणून नको, भरण्याची रीत म्हणून हवा. ब्रिटनमध्ये यासाठी बालनिर्वाहाची वेगळी सरकारी सेवा आहे, ती न्यायालयात न जाता थेट मालकाला कपातीचा आदेश पाठवते. त्याच व्यवस्थेत वाहन परवाना आणि पारपत्र रोखण्याचेही अधिकार आहेत. ते आपल्याकडे आणावेत असं काहींना वाटतं. आमच्या मते ती मागणी शेवटी ठेवा किंवा गाळा. रिक्षावाल्याचा परवाना काढून घेतला तर पोटगी कुठून येणार?

तिसरी मागणी सगळ्यात स्वस्त आहे आणि तिला नवा कायदाच लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुलीचा अधिकार कलम 461 मध्ये आहेच. प्रत्येक तहसीलमध्ये पोटगी वॉरंटसाठी एक नायब तहसीलदार नेमावा, 90 दिवसांत न्यायालयाला अहवाल द्यावा, एवढा शासन निर्णय पुरेसा आहे. ही मागणी महसूल विभागाला वेगळ्या पत्राने करा.

चौथी, न्यायालयाच्या नोंदीतून भरणा. आज पैसे आले नाहीत हे आईने तक्ता करून, शपथेवर, दर खेपेला सिद्ध करायचं. भरणा न्यायालयाशी जोडलेल्या खात्यातून झाला तर 11 तारखेला थकबाकी आपोआप दिसेल आणि नोटीस न्यायालयच काढू शकेल. भरल्याची पावती दाखवण्याचा भार त्याच्यावर जाईल.

ज्यांचे नवरे पगारदार नाहीत, रोजावर आहेत किंवा बेपत्ता आहेत, त्यांना वरच्या चारांतून फारसं काही मिळणार नाही, आणि तुमच्या सात-आठ जणींत अशा नक्की असतील. त्यांच्यासाठी सरकारने मुलांना ठरावीक रक्कम आधी द्यावी आणि नंतर बापाकडून स्वतः वसूल करावी, अशी मागणी करावी लागेल. जर्मनीत अशी निर्वाह-अग्रिमाची योजना आहे, 1 जुलै 2017 पासून ती 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना लागू झाली. रक्कम मोठी नसते, पण वसुलीची दगदग आईकडून सरकारकडे जाते. यात पैसा लागतो, म्हणून ही मागणी लगेच मान्य होणार नाही. तरी लिहा.

निवेदनाच्या प्रती राज्याच्या विधी व न्याय विभागाला, महसूल विभागाला, उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रार जनरलना आणि राज्य महिला आयोगाला द्या, आणि प्रत्येक ठिकाणची पोच घ्या. सोबत एक पान जोडा: तुमच्यापैकी प्रत्येकीची एक ओळ, नाव न लिहिता. पोटगीच्या आदेशाची तारीख, वसुली अर्जाची तारीख, पहिलं वॉरंट निघाल्याची तारीख, त्यावरचा अहवाल आल्याची तारीख, मागितलेली रक्कम, प्रत्यक्ष मिळालेली रक्कम. तारखा न्यायालयाच्या रोजनाम्यातून (प्रत्येक तारखेच्या कामाच्या नोंदीतून) उतरवून घ्या, आठवणीने लिहू नका.